रोंडाच्या आईला, एका ज्युदो शिक्षिकेकडून

आदरणीय ऍनमारियाताई डी मार्स,

सप्रेम नमस्कार.

ज्युदोतून व्यावसायिक लढतींत गेलेल्या तुमच्या लेकीचे, रोंडा राउझीचे चाहते जगभर आहेत, माझ्या क्लासमध्येही आहेत. पण आभार मानायचे आहेत ते तुमचे. दहावी जवळ आली की मुलीचा ज्युदो बंद करायला आया येतात. "अभ्यासाचं काय?" असं त्या विचारतात, आणि तिथे मला कामी येता त्या तुम्ही. मी सांगते, ही बाई १९८४ साली व्हिएन्नात ५६ किलो गटात जगज्जेती झाली. ज्युदोचं जगज्जेतेपद अमेरिकेला पहिल्यांदा तिनेच मिळवून दिलं, शिवाय पीएचडी करून संख्याशास्त्रात नाव काढलं. बऱ्याचशा आया एवढ्यावरच नरमतात.

तुमच्या वेळी ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युदोच नव्हता. पदकांसह तो आला १९९२ मध्ये. याचा मला अजून राग येतो. २००८ मध्ये बीजिंगला ७० किलो गटात रोंडाने ब्राँझ जिंकलं, ते महिला ज्युदोतलं अमेरिकेचं पहिलं ऑलिंपिक पदक.

त्यानंतर तिने बारमध्ये काम केलं, काही दिवस गाडीतच झोपून काढले. एमएमएत, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या लढतींत उतरायचं म्हणाली तेव्हा तुम्ही कडाडून विरोध केलात, मग एका वर्षाची मुदत दिलीत. आई म्हणून मला हा सौदा फार आवडतो.

गुडघा दुखावल्यावर तुम्ही जमिनीवरच्या डावांवर भर दिलात आणि तेच लेकीला शिकवलंत. सकाळी उठवायचं तेही आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणायचा डाव लावून! माझ्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक मुलगी आहे. थ्रो बंद म्हणजे ज्युदो संपला, असं तिने धरूनच ठेवलं होतं. तिला मी रोंडाची २३ फेब्रुवारी २०१३ ची अनाहाइमची लढत दाखवली. यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या संस्थेतली बायकांची ती पहिलीच लढत. लिझ कार्मूश मागून पाठीवर चढली, पाय कमरेत अडकवले आणि रोंडाचा जबडा पिरगाळू लागली. रोंडाने तिला झटकून खाली पाडलं. मग हात मिळवायची झटापट. कार्मूशने दोन्ही हात घट्ट बांधून ठेवले होते. रोंडाने ते सोडवले, कोपर कमरेवर घेतलं, मांड्या आवळल्या आणि कंबर उचलली. कार्मूशने टॅप केलं, म्हणजे थोपटून हार मानली, तेव्हा पहिल्या फेरीचे ११ सेकंद उरले होते. मुलीने तो शेवट मागे नेऊन नेऊन पाहिला. सध्या ती मॅटवर बसूनच सराव करते आणि भल्याभल्यांचे हात अडकवते.

२०१४ मध्ये रोंडाने ऍलेक्सिस डेव्हिसला १६ सेकंदांत हरवलं, तोही ज्युदोच: मान धरून फेकलं आणि तिथेच दाबून ठोसे. २०१५ मध्ये मेलबर्नला मात्र रोंडा हॉली होमच्या, म्हणजे बॉक्सिंगमधल्या जगज्जेतीच्या मागे ठोसे मारत धावत सुटली. अंगाला अंग भिडल्याशिवाय आपला ज्युदो चालत नाही, हे होमच्या कोचमंडळींना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या फेरीत डोक्यावर लाथ बसली आणि खेळ आटोपला. तुम्ही त्याच वर्षी लेकीच्या कोचवर जाहीर टीका केली होतीत. खाजगीत बोलायला हवं होतं, असं काही जण म्हणाले. मला नाही तसं वाटत.

ती लढतही मुलींना दाखवते. आया हजर असल्या तरी.

मनापासून आभार.

तुमची,
नाशिकची एक ज्युदो शिक्षिका