सर, वाईट बातमी वेळेवर पोचते आहे

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या साइटवरचा एक ज्युनियर इंजिनियर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. नोकरीला लागून त्याला जेमतेम सात महिने झालेत. म्हणाला, "मॅडम, माझी चूक झालीये. लिफ्टच्या भिंतीतलं ओपनिंग मी जुन्या ड्रॉइंगप्रमाणे सोडलंय. उद्या काँक्रीट आहे, म्हणून आत्ताच सांगायला आलो." आम्ही शटरिंग उघडलं, खोका सरकवला, सळई पुन्हा बांधली. रात्री साडेदहा वाजले आणि दुसऱ्या दिवशीचं काँक्रीट चार तास उशिरा सुरू झालं. बस, एवढंच नुकसान. भिंत भरल्यावर कळलं असतं तर ब्रेकर लावावा लागला असता.

तो गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. त्या मुलाला माझी भीती वाटली नाही, याचा आनंद कुणाला सांगावा असं वाटलं आणि तुम्ही, साइटवरचे माझे जुने साहेब, आठवलात.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. निरोप समारंभाच्या दिवशी मी दोन वाक्यं पाठ करून आले होते, तर तुम्ही मला अकराव्या मजल्याच्या प्लास्टरचं विचारलंत. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. 'प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय, कुठला कोर्स करू?' असं मला हल्ली बरीच मुलं विचारतात. कोर्स जरूर करा, वेळापत्रकासाठी बार चार्ट आणि क्रिटिकल पाथ आलाच पाहिजे, असं मी त्यांना सांगते. पण मी तुमच्याकडून जे घेतलं ते कोर्समध्ये कसं बसवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांनी निदान हे पत्र वाचावं.

२०१४ साली मी ताथवड्याच्या त्या बारा मजली इमारतीवर आले तेव्हा मला वाटायचं, मॅनेजर म्हणजे सगळ्यांच्या मागे लागणारा माणूस. सातव्या स्लॅबची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तोवर आमचा एक स्लॅब पंधरा-सोळा दिवसांना पडत होता. मी तो दहा दिवसांवर आणायचा चंग बांधला होता. चार्टवर ते छान बसतही होतं. स्लॅबच्या आदल्या आठवड्यात मी सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबचा साचा उभारणाऱ्या, मुकादमाला रोज एकच प्रश्न विचारायची, "शुक्रवार तक हो जाएगा ना?" आणि तो रोज म्हणायचा, "हो जाएगा मॅडम."

बुधवारी तुम्ही माझ्याबरोबर वर आलात. त्याच मुकादमाला तुम्ही विचारलंत, "कल सुबह सबसे पहले क्या उठाओगे?" तो गप्प झाला. मग खाली बघत म्हणाला, "साब, प्रॉप नहीं है." म्हणजे स्लॅबखालचे टेकूच नव्हते. कधीपासून नाहीत? "आठ दिन से."

हिशोब अगदी साधा होता. आमच्या मोठ्या बीमांचा गाळा सहा मीटरच्या वर होता. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे अशा बीमखालचे प्रॉप २१ दिवस काढता येत नाहीत. पंधरा दिवसांनी एक स्लॅब पडत होता तोवर खालचे प्रॉप मोकळे होऊन वर यायला वेळ मिळत होता आणि दोन मजल्यांचा संच कसाबसा पुरत होता. दहा दिवसांवर आल्याबरोबर दोन मजले प्रॉपवर उभे आणि तिसऱ्याला नवे हवेत, म्हणजे तीन संच. माझ्या चार्टमध्ये दिवस होते, प्रॉप नव्हते. ते मुकादमाला कळलं होतं, सुपरवायझरलाही कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त मला.

परत येताना गेटवरच्या टपरीवर चहा घेताना तुम्ही जे बोललात ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. "सुपरवायझरला तू गेल्या सोमवारी कव्हर ब्लॉकवरून सगळ्यांसमोर बोललीस. तो बरोबर नव्हता, तूही चुकीचं बोलली नाहीस. पण त्या दिवसापासून त्याने तुला सांगणं बंद केलं. हे आठ दिवस तिथे गेले." मी म्हटलं, मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का? तुम्ही म्हणालात, "म्हणायचं. केबिनमध्ये, दार लावून, आणि त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याला आपणहून चहा विचारायचा."

त्यानंतर मी 'होईल ना?' हा प्रश्न सोडला. त्या प्रश्नातच उत्तर असतं आणि समोरचा बिचारा तेच आपल्याला परत देतो. आता मी विचारते, उद्या सकाळी पहिलं काम कुठलं? त्याला काय काय लागेल? त्यातलं काय अजून आलेलं नाही? हे तीन प्रश्न मी नाशिकच्या या साइटवर रोज विचारते. मुकादम आता मला बघितलं की न विचारताच तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात.

क्यूबचा प्रसंग लिहू की नको, असं दोन दिवस मनात होतं. लिहितेच, कारण त्या दिवसाचे आभार कधी मानलेच नाहीत.

नवव्या स्लॅबचे सात दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, नापास झाले. एम-३० काँक्रीट, म्हणजे २८ दिवसांना ताकद ३० (न्यूटन प्रति चौ. मिमी); सात दिवसांना साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे वीसच्या आसपास यायला हवं होतं, आलं सोळा. लॅबमधला मुलगा दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरत होता. तिसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे आला तेव्हा मी तिथेच होते. तुमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बरं केलंस आलास. बस." त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिलात. मग फोन करून दहाव्या मजल्याचं काम थांबवलंत. 'दोन दिवस काय करत होतास?' हे तुम्ही विचारलंत, पण सगळ्यात शेवटी आणि आवाज न चढवता.

मग तुम्ही नवव्या स्लॅबच्या रात्री ड्यूटीवर असलेल्या प्रत्येकाला एकेकट्याला बोलावलंत. माझी पाळी आली तेव्हा मी खरं सांगितलं. रात्री नऊ वाजता पंप चोकअप झाला होता, मिक्सर खाली ताटकळत होते, काँक्रीट घट्ट होत चाललं होतं. ड्रायव्हरने 'थोडा पानी मारूं?' विचारलं आणि मी मान हलवली. आरएमसी, म्हणजे प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट, गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरवायचं असतं, हे मला पाठ होतं. ती गाडी परत पाठवायला हवी होती, हेही कळत होतं. पण सहा घनमीटरचं नुकसान कुणाच्या नावावर पडेल, या विचाराने मी मान हलवली.

तुम्ही डायरीत काहीतरी लिहिलंत आणि म्हणालात, "ठीक आहे. आता पुढे काय करायचं ते ठरवू." त्याच दुपारी तुम्ही इमारतीच्या मालकांना पत्र पाठवलंत. कंपनीच्या ऑफिसातून तुम्हाला सांगण्यात आलं होतं की २८ दिवसांचा निकाल येऊ दे, आत्तापासून बोंब कशाला? तुम्ही मला पत्र वाचायला दिलंत तेव्हा मी त्यात माझं नाव शोधलं. नव्हतं. 'आमच्या देखरेखीत चूक झाली' असं होतं, खाली तुमची सही, आणि पुढच्या चार पावलांच्या तारखा. मी विचारलं, थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? तुमचं उत्तर होतं, "आज सांगितलं तर ती अडचण आहे. महिन्याने त्यांना कळलं तर ती लपवाछपवी. काँक्रीट तेच, पण पुढच्या प्रत्येक बिलावर ते दहा वेळा बोट ठेवतील."

पुढे कोअर काढले, म्हणजे स्लॅबमधूनच काँक्रीटचे दंडगोल कापून तपासले. सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, हा कोडचा नियम. आपले कोअर त्यात बसले. पण निकाल येईपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते तुम्ही बघितलं आहे. त्या काळात तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत आणि एकदाही पाठीशीही घातलं नाहीत. प्रत्येक कोअर कापताना मला तिथे उभं राहायला लावलंत. आणि दहाव्या स्लॅबच्या पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीवर, सही करायला सांगितलंत ती मलाच. सर, तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या कुणाला सही करायला सांगितली असती तर मी बहुधा हे क्षेत्रच सोडलं असतं.

तुमची ती खिशातली डायरी! मला सुरुवातीला वाटायचं, कुणाच्या चुका मांडून ठेवताय. एकदा पान उघडं राहिलं म्हणून दिसलं, तर त्यात चुका नव्हत्याच, कबुल्या होत्या. कुणी काय कबूल केलंय आणि कधीपर्यंत. आणि त्यात निम्म्याहून जास्त तुमच्या स्वतःच्या. 'बार बेंडरच्या झोपडीत बल्ब, सोमवार.' 'स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन, ११ आधी.' ज्याचं काम त्याचं आणि आपला शब्द आपला, एवढं सांभाळलं की माणसं तुमची वाट बघत बसत नाहीत, असं तुम्ही म्हणायचात. मीटिंग संपली की मी संध्याकाळच्या आत चार ओळी सगळ्यांना पाठवते: ठरलं काय, करणार कोण, कधी. ती सवय त्या डायरीतूनच आली.

आर्किटेक्टच्या ऑफिसात तुम्ही तक्रार कधी नेली नाहीत, यादी नेलीत. "या नऊ गोष्टी ठरायच्या आहेत. यातल्या तीन ठरल्या नाहीत तर गुरुवारी गवंडी बसून राहतील." सहा गोष्टी तुम्ही मुद्दाम मागे ठेवायचात. मी सगळ्या नऊच्या नऊ 'अर्जंट' लिहून पाठवायची आणि एकाचंही उत्तर यायचं नाही.

भिंतीवरच्या तुमच्या कॅलेंडरबद्दल तर लिहायलाच हवं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नोव्हेंबरचे सव्वीस दिवस कामाचे होते. तुमच्या कॅलेंडरवर दिवाळीनंतरच्या सहाव्या दिवशी छठ लिहिलेली होती, मालद्याच्या सुतारांची ईद होती, कलबुर्गीकडच्या गवंड्यांची गावची जत्रा होती. रेल्वेचं आरक्षण उघडायच्या आधी तुम्ही प्रत्येक टोळीत जाऊन विचारायचात, कोण जाणार, कधी परतणार, घरी कुणाचं लग्न आहे का. त्या वर्षी सळई बांधणारे बार बेंडर एकदम न जाता दोन तुकड्यांत गेले आणि काम थांबलं नाही. आणि शनिवारची खर्ची. ठेकेदाराचं बिल कुठेही अडकलेलं असो, शनिवारी पाचच्या आत कामगारांच्या हातात पैसे पडले की नाही ते तुम्ही स्वतः उभं राहून बघायचात.

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. आपल्याकडे वीस-बावीसच होत्या, तरी तुम्ही स्टोअरशेजारची खोली रिकामी करून दिलीत. आठव्या मजल्यावर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी दुपारनंतर चढतच नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं, आठवतं? त्याच खोलीत मुलाला पाजायला आलेल्या बाईने. सुपरवायझरच्या रजिस्टरात त्या दिवशीही 'क्युरिंग चालू' लिहिलेलं होतं.

तुम्ही नव्वदच्या दशकात रत्नागिरीच्या बाजूला कोकण रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे उमेदवारी केलीत, त्या गोष्टी जेवणाच्या सुट्टीत सांगायचात. ई. श्रीधरन यांनी लावलेलं उलटं घड्याळ, काम पुरं व्हायला किती दिवस उरले ते दाखवणारं. मी म्हटलं होतं, आपणही लावू या. तुम्ही म्हणालात, "लाव की. पण उशीर होतोय हे दिसल्यावर माणूस तो लपवणार की सांगणार, हे घड्याळ ठरवत नाही. ते त्याचा साहेब ठरवतो." मी नाशिकला घड्याळ लावलंय, सर. खाली ज्युनियरांसाठी एक खुर्चीही ठेवली आहे.

आणखी एक राहिलं. प्लंबिंगचा ठेकेदार माझ्याशी बोलायचाच नाही. मी प्रश्न विचारला की उत्तर तुमच्याकडे बघून द्यायचा. एकदा तुम्ही त्याला मध्येच थांबवलंत. "निर्णय मॅडमचा आहे. मला काय सांगतोस?" आणि चक्क उठून बाहेर निघून गेलात. त्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. पुढचा अर्धा तास अवघड गेला, पण शाफ्टचा प्रश्न त्याच अर्ध्या तासात सुटला. माझ्या बाजूने भाषण करणारे साहेब मला नंतर भेटले. खुर्ची रिकामी करून देणारे तुम्ही एकटेच.

पुढच्या महिन्यात देवरुखला येते आहे. काकूंना सांगून ठेवा, दोन दिवस राहणार आहे. तुमच्या जुन्या डायऱ्या माळ्यावर आहेत, असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. त्यातली २०१५ची काढून ठेवा. क्यूबच्या त्या दुपारी मी सगळं सांगितल्यावर तुम्ही एक ओळ लिहिली होती. ती काय होती, ते मला वाचायचं आहे.

तुमची,
नवव्या स्लॅबवाली