नागपूरच्या मेडिकलमध्ये सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) मुलांसाठी ट्रायल सुरू करा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा राहत नाही, सीपी म्हणतो आम्ही. चवड्यांवर चालते, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. पायात प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार असतो आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तो काढला की पिंडरीवर पट्ट्याचे लाल वळ दिसतात, पाय घामानं भिजलेला असतो, मी पुसते, पावडर लावते, परत घालते. फिजिओ मॅडमनी तास घेतला की तिच्या टाचा जमिनीला टेकतात, अर्धा-पाऊण तास टेकलेल्या राहतात आणि मग हळूहळू परत वर जातात.

त्या अर्ध्या तासासाठीच हे पत्र लिहून राहिली आहे.

सध्या सीपीच्या पालकांच्या ग्रुपवर स्पायनल न्यूरोमॉड्युलेशनचीच चर्चा आहे. ऑपरेशन नाही, पाठीच्या कण्यावर चामडीला पॅच चिकटवतात, त्यातून अगदी हलका करंट जातो आणि त्याच वेळी मुलाकडून चालण्या-बसण्याची प्रॅक्टिस करून घेतात. सीपीत इजा मेंदूला झालेली असते, पण मेंदूकडून नीट निरोप आला नाही की मणक्यातल्या नसांचं जाळंही वाकडंच तयार होतं, आणि या करंटनं ते जाळं प्रॅक्टिस पकडण्याच्या तयारीत येतं असं संशोधकांचं म्हणणं आहे. 2017 मध्ये रशियातल्या आणि 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सीपीच्या पेशंटवर केलेला अभ्यास छापून आला, रिझल्ट आशा वाटावी असे आहेत, पण मुलं मोजकीच होती. म्हणजे हा अजून पक्का इलाज नाही, हे मला कळतं.

पण बाजार थांबत नाही ना साहेब! एका सेंटरवाल्यानं आम्हाला सांगितलं, वीस सेशन घ्या, पोरगी चालेलच. खर्च ऐकला तर आमचे दोन महिन्यांचे पगार. कोणत्या मुलांवर करून पाहिलं, त्याचे कागद दाखवा म्हटलं तर रंगीत ब्रोशर हातात दिलं. स्टेम सेलच्या नावावर हेच झालंय, 2017 च्या राष्ट्रीय गाइडलाइननुसार सीपीवर स्टेम सेल ट्रायलबाहेर द्यायचंच नाही, तरी लोकांनी दागिने मोडले. आई-बापाला आशा दाखवली की ते काहीही विकतात, मीही विकलं असतं.

म्हणून मागणी एकच आहे, आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये, या करंटच्या उपचाराची रीतसर ट्रायल सुरू करा. तिथे फिजिओथेरपी शिकवली जाते, मुलांचे डॉक्टर आहेत, मिहानच्या एम्सलाही सोबत घ्या. एथिक्स कमिटीची मंजुरी असावी, सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी असावी, पालकांकडून एक रुपया घेऊ नये. अर्ध्या मुलांना पॅच लावून करंट बंद ठेवावा, थेरपी मात्र सगळ्यांना सारखीच द्यावी, म्हणजे फरक करंटनं पडला की रोजच्या मेहनतीनं ते समजेल, आणि नंतर त्या बाकीच्या मुलांनाही करंट मिळावा. माझी मुलगी करंट बंदवाल्या गटात आली तरी चालेल, खरंच चालेल. आणि नुसतं चालतं की नाही एवढंच मोजू नका, टाचा किती वेळ टेकतात, रात्री पाय आखडून झोप मोडते का, आधाराशिवाय बसून स्वतःच्या हातानं जेवता येतं का, हेही मोजा. आमच्या घरात दिवस याच गोष्टींवर ठरतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मेडिकलला लेकरं गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाड्याहून येतात. आठवड्यातून चार-पाच दिवस सेशन म्हटलं तर मजुरी बुडवून, लेकराला कडेवर घेऊन बसनं रोज कोण येईल? जाण्यायेण्याचं भाडं आणि आई-लेकराच्या राहायची सोय बजेटमध्ये आधीच धरा, नाही तर ट्रायलमध्ये फक्त आम्हा शहरातल्यांचीच मुलं दिसतील.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येताच. एक दिवस सकाळी मेडिकलच्या फिजिओथेरपी विभागात या. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी नऊपासून तिथेच असतो.

आपली,
एका सीपी मुलीची आई, नागपूर