माझ्या ९ पानांवर पेन्सिल चालवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

'मॅडम नको' असं तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, म्हणून ताई. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

विद्यार्थी मदत कक्षात मी आलो तेव्हा अपिलाची मुदत संपायला ४ दिवस उरले होते. दोन विषयांत नापास, प्रवेश रद्द होणार असल्याचं पत्र हातात, आणि रात्रभर जागून लिहिलेलं ९ पानी उत्तर. तुम्ही ते मान वर न करता वाचलंत आणि पहिल्या ६ पानांवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्यात.

"परीक्षकांनी गुण कमी दिले, हे अपिलाचं कारण होत नाही. गुण किती द्यायचे ते त्यांनी ठरवायचं. प्रक्रिया चुकली असेल, किंवा तुझी अडचण त्यांना माहीतच नसेल, तर बोलता येतं."

सातव्या पानावर, कंसात, मी लिहिलं होतं की त्या महिन्यात वडील हॉस्पिटलमध्ये होते आणि मी रात्री तिथे बसून सकाळी पेपरला जात होतो. तुम्ही कंसाभोवती गोल काढलात. "हे कंसात का?"

लाज वाटत होती म्हणून. परीक्षेच्या वेळी कुणाला बोललो नाही तेही त्याच लाजेने. 'तेव्हाच का कळवलं नाहीस?' हा प्रश्न समिती आधी विचारणार, असं तुम्ही बजावलंत. नंतर मिळवलेल्या दाखल्यापेक्षा त्या दिवसांतले कागद जास्त बोलतात, म्हणून वडिलांच्या हॉस्पिटल ॲडमिशनचे कागद आणि परीक्षेचं वेळापत्रक शेजारी शेजारी लावायला लावलंत. त्याआधीच्या सत्रात मी विनाकारण तास बुडवले होते, तेही लपवू दिलं नाहीत. हजेरी त्यांच्यासमोर असणारच होती.

खरं सांगतो, मला आधी तुमचाच संशय होता. विभागाच्याच इमारतीत खोली, म्हणजे त्यांचीच माणसं! माझ्या परवानगीशिवाय विभागाला काही कळणार नाही, जिवाला धोका असेल तरच अपवाद, हे तुम्ही समजावलंत. शेवटी झोप कशी लागते ते विचारलंत आणि समुपदेशकांची वेळ घेऊन दिलीत. "कागदांचं मी बघते, झोपेचं त्या बघतील."

सुनावणीत तुम्ही वकिलासारख्या भांडाल असं वाटलं होतं. तुम्ही दोनदाच बोललात. माझा आवाज फुटेना तेव्हा ५ मिनिटं मागितलीत, आणि एका सदस्यांनी भलताच आरोप काढला तेव्हा शांतपणे म्हणालात, "हा मुद्दा आम्हाला आधी कळवलेला नाही." बाकी सगळं मीच बोललो, दीड पानात मावलेलं.

प्रवेश वाचला. एका विषयाची फेरपरीक्षा मिळाली, दुसऱ्याची नाही. त्यावर वर दाद मागता येईल, पण त्यात दम दिसत नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत आणि निर्णय माझ्यावर सोपवलात. मी मागितली नाही. पुढच्या वर्षी तो विषय सुटला.

पहिल्या दिवशी रेघा बघून मी दार आपटून निघून गेलो होतो, त्याची माफी राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ तुम्ही मी जाताच माझ्या नावाने लिहून ठेवली होती, हे मला फार नंतर कळलं.

तुमचा,
एक माजी विद्यार्थी