पावसाआधी जुना डबा परत बसव

पुणे,
२४ मे

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला गाडीचा फोटो कालपासून चार-पाच वेळा उघडून पाहिला. बॉनेट वर, आत कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून बसवलेला तो चकचकीत पाइप, म्हणजे इंजिनला बाहेरची गार हवा पुरवणारा तुझा नवा कोल्ड एअर इनटेक, आणि बॅटरीच्या शेजारून खाली वळून दिसेनासा झालेला. तो खाली कुठे जातो ते मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो. फोनवर तू इतका खुशीत होतास की मध्ये बोलवेना. शिवाय जे सांगायचंय त्यातलं थोडं मी तुझ्यापासून सात वर्षं लपवलंय.

माझ्या लाल गाडीचं इंजिन गेलं तेव्हा तुला मी एवढंच म्हणालो होतो, ‘पाणी गेलं रे आत.’ ते अर्धंच खरं होतं. सप्टेंबरची संध्याकाळ, सिंहगड रोडच्या आतल्या एका गल्लीच्या तोंडाशी पाणी साचलेलं. फार नाही, चाकाच्या मध्यापर्यंतही नव्हतं. माझ्यापुढे एक रिक्षा आरामात निघून गेली, मागोमाग मीही घातली. अर्ध्यावर गेलो आणि समोरून बस आली. तिने ढकललेली लाट बंपरवर आदळली, आणि इंजिन ‘ठक्’ करून जागच्या जागी थांबलं. बंद पडताना गाडी आचके देते ना, तसं काही झालं नाही. कुणीतरी आतून धरून ठेवावं तसं.

मागून हॉर्न, वरून पाऊस, शेजारच्या सीटवर आई. मी सेल्फ मारला. नुसतं ‘टक्’. परत मारला. तिसऱ्यांदा चावी धरून ठेवली, तेव्हा आतून ‘कड्’ असा आवाज आला आणि इंजिन फिरलं. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, संज्या. त्या आवाजात तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून धरणारा दांडा, वाकला होता. पाणी आत गेलं ते माझ्याही गाडीत असलेल्या तशाच इनटेकमुळे, पण रॉड माझ्या हाताने वाकला. सुरुवातीलाच चावी सोडून दिली असती तर कदाचित इंजिन वाचलं असतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.

मिस्त्रींनी इंजिन उघडल्यावर तो रॉड बाहेर काढून टेबलावरच्या जाड काचेवर आडवा ठेवला. शेजारी दुसऱ्या सिलिंडरचा. दुसरा काचेला सरळ टेकला. तिसऱ्याखालून उजेड दिसत होता, वहीचं पुठ्ठं सरकेल एवढी फट. बस, एवढाच वाक. फिल्टर हातात घेतला तर पाणी प्यायलेल्या स्पंजासारखा जड, कापडाच्या घड्यांत चिखल आणि गुलमोहराची पानं.

आता तुझ्या गाडीचा हिशेब करू. दीड लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, म्हणजे एकेकात पावणेचारशे मिली जागा. पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबून साधारण दहाव्या हिश्शात बसवतो. म्हणजे वर उरते जेमतेम चाळीस मिली जागा. हवा दबते, पाणी दबत नाही. औषधाच्या बाटलीचं दहा मिलीचं झाकण घे आणि चार वेळा ओत. त्याहून थोडं जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर जायला वाटच उरत नाही. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून तिथे याहूनही कमी पाणी पुरतं. आणि गाडी नुसती उभी असली तरी प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सहा वेळा श्वास ओढत असतो. फिल्टर बुडाला की पाणी आत जायला कितीसा वेळ लागणार?

कंपनीने दिलेला काळा प्लास्टिकचा डबा तुला कुरूप वाटतो, पण त्याचं नाक कुठे असतं ते आठव. ग्रिलच्या मागे, बॉनेटच्या ओठाशी, जवळजवळ दोन फूट उंचावर. तिथून आत आलेले थेंब डब्याच्या तळाशी पडतात आणि तिथल्या छोट्या भोकातून निघून जातात. कुणीतरी डोकं लावून बनवलेली वस्तू आहे ती. तुझ्या कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर फॉगलॅम्पच्या मागे, जमिनीपासून फूटभरावर लोंबतोय. हवा गार मिळते, गार हवा घट्ट असते, म्हणून थोडी ताकद वाढते, हे सगळं मान्य. तो आवाज मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण तू राहतोस पार्ल्यात आणि रोज अंधेरी सबवेतून पलीकडे जातोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस आपण दोघांनी पाहिलाय. तसा दिवस वर्षावर्षाला येत नाही. पण फूटभर पाणी तुझ्या सबवेत दर पावसाळ्यात कितीदा साचतं, ते तूच मला सांगतोस.

दुकानदाराने तुला फिल्टरवर घालायचा मोजा दिला, म्हणालास. तो वाईट नाही. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडणारे शिंतोडे, मुसळधार पावसातले तुषार तो बाहेर ठेवतो. पण फिल्टर पाण्यात बुडाला की त्याचा काही उपयोग नाही. इंजिनची ओढ कापडातूनही पाणी खेचते. बायपास व्हॉल्व्ह त्याहून बरा. तो पाइपात उंचावर बसतो, खालून हवा मिळेनाशी झाली की ओढीने त्याची रबरी पडदी उघडते आणि इंजिन तिथून हवा घेतं. बसवायचाच असेल तर एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी, फिल्टरच्या बाजूला बसव, नाहीतर न मोजलेली हवा आत जाऊन गाडी घुटमळेल. टर्बोच्या गाडीला तो चालत नाही, पण तुझी साधी आहे. तरी पाणी व्हॉल्व्हपर्यंत चढलं किंवा बसची लाट थेट वर आली, तर तोही हात टेकतो. अशा लाटेवर माझा यापुढे भरवसा नाही.

माझं मत विचारशील तर जून ते सप्टेंबर स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ डबाच हवा. काम तासाभराचं: दहाचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, दोन क्लॅम्प. डबा, त्याचं नाक आणि क्लिपा सगळं जपून ठेवलंयस ना? नाक नसेल तर नुसत्या डब्याला अर्थ नाही, तेवढं आधी शोध. तळाचं भोक काडीने मोकळं कर. काढलेला फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून मग तेल लाव, आणि तेल बेतानेच. जास्त झालं की सेन्सरच्या तारेवर बसतं. दसऱ्याला पूजा झाली की खुशाल परत चढव.

डबा बसवल्यावरही पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं तर घालूच नकोस, मागे फिर. घालावीच लागली तर पहिला गिअर, एकसारखा हळू वेग, आणि समोरून मोठी गाडी येत असेल तर ती जाईपर्यंत थांब. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर ते बटण आधी बंद कर. ते इंजिन आपणहून बंद करतं आणि आपणहून सेल्फ मारतं, म्हणजे जे मी केलं तेच.

आणि एवढं करूनही पाण्यात बंद पडली, तर चावीला हात लावू नकोस. एकदाही नाही. ढकलून गिअरमध्ये टाकणंही तेच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढ, न्यूट्रलमध्ये ढकलत वर आण, टो करून ने. फिल्टर उघडून पाहा. कोरडा असेल तर देव पावला, वायरिंगचं काहीतरी असेल. ओला असेल तर मिस्त्रींना सांग, आधी चारही स्पार्क प्लग काढा, मग इंजिन पान्याने हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी कारंज्यासारखं उडतं. डीपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल दुधाळ दिसलं तर तेल बदलायचंच. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, तपास. एकात कमी आलं तर समजायचं की रॉड वाकलाय, कारण त्याचा पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही. तशीच चालवलीस तर काही महिन्यांनी तो रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. हे सगळं एक-दोन दिवसांत व्हायला हवं, नाहीतर आत गंज धरतो.

विम्याचे कागदही काढून बघ. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा वेगळा हप्ता असतो. इनटेक बदललाय हेही कंपनीला लेखी कळव. माझा दावा नाकारला गेला आणि जुन्या इंजिनच्या बदली जे घ्यावं लागलं त्याचे हप्ते मी दोन वर्षं भरले. आईने तिच्या ठेवीतले पैसे पुढे केले, ते घेताना काय वाटलं ते लिहवत नाही.

मुंबईला पाऊस सरासरीने ११ जूनला पोहोचतो, पण वळिवाचा भरवसा नाही. मी ६ जूनच्या शनिवारी डेक्कन क्वीनने येतो, दादरला उतरून लोकलने पार्ल्याला. पाने आणतो, तू तेवढा डबा माळ्यावरून काढून ठेव. वहिनींना नमस्कार सांग, काकूंना साष्टांग. त्यांच्या हातची पिठलं-भाकरी मिळाली तर दुपारचं जेवण तिथेच.

तुझा,
अव्या

ता. क. : डब्याच्या चारही क्लिपा मोज. एखादी तुटली असेल तर उद्याच कळव, इथल्या बाजारात मिळते, येताना घेऊन येईन.