तुझ्या टाचा

औसा, जि. लातूर

चि. माधवास अनेक आशीर्वाद.

तुझी लष्करातली कसम परेड बघून आम्ही सुखरूप पोचलो. सोलापूरला गाडी उशिरा मिळाली, बाकी त्रास झाला नाही. तुरीची रास व्हायचीय, तरी आधी हे लिहायला बसलो. फोनवर मला असलं बोलणं जमत नाही.

बेळगावच्या मैदानावर तुम्ही 'तेज चल' करत आलात, तेव्हा तुझी माय माझा दंड धरून "कोणता? आपला कोणता?" करत होती. सगळ्यांची पावलं सारखी, टोप्या सारख्या. मलाही तू सापडेनास. मग कसम सुरू झाली. समोर तिरंगा आणि एवढ्या पोरांचा एकच आवाज. जमिनीवर, पाण्यात, आभाळात, जिथं पाठवतील तिथं जाईन, प्राण गेले तरी. त्या शब्दांना तुझ्या मायची बोटं माझ्या दंडात रुतली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

जवानांच्या आईबापांना देतात ते गौरव पदक माझ्या सदऱ्याला लावलं, तेव्हा हात कुठं ठेवावेत ते मला कळेना. सातबाऱ्याच्या डब्यात नीट राहील म्हणालो होतो, पण तुझ्या मायनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय.

नंतर झाडाखाली आपण धपाटे सोडले, अन् तू बूट काढलेस. ट्रेनिंगचे 31 आठवडे फोनवर "बरं आहे" म्हणत होतास. टाचेची कातडी जाऊन नवी आलेली, अंगठ्याचं नख काळंनिळं. मायनं हात लावला तर पाय ओढून घेतलास. "बूट नवे होते." लेका, मी जन्मभर काळ्या रानात अनवाणी चाललोय. टाच कशानं फुटते ते मला कळतं.

पहिल्या भरतीत 1600 मीटरला मागं पडलास, तेव्हाही तीन दिवस मित्राच्या खोलीवर राहिलास. घरी काय म्हणतील म्हणून. ते मला फार लागलं होतं, कधी बोललो नाही.

जेवताना तू तुमच्या मराठा रेजिमेंटच्या नामदेव जाधवांचं सांगितलंस. 1945 मध्ये इटलीत, सेनिओ नदीवर गोळीबार चालू असताना त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांगताना तुझा चेहरा असा उजळला होता! गाडीत रात्रभर मला मात्र ते जखमी आठवत होते. त्यांनीही कुणाला तरी उचलू दिलंच ना? दुखलं तर सांगत जा. मला नाही तर शेजारच्या पोराला सांग.

चार वर्षांनी चौघा अग्निवीरांतल्या एकालाच कायम करतात, हे तुझ्या मनात असेल. ती काळजी माझ्याकडं राहू दे. रान कुठं जात नाही.

तुझी माय लोकरीचे मोजे पाठवायचे म्हणतीय. बुटाचा नंबर आणि नव्या युनिटचा पत्ता कळव.

तुझा,
बाबा