बुवा, तुमच्यामुळे गाणं उभं राहिलं

बुवा, नमस्कार.

तुमच्यासमोर बसलं की माझं बोलायचं राहून जातं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

वादळानंतरच्या बंदरावरचं नऊ मिनिटांचं गाणं मला सिनेमासारखं भव्य करायचं होतं. १९६९ साली डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा सोबत घेऊन वाजवलं, ते कॉलेजात ऐकल्यापासून डोक्यात होतं. इथे कुडाळात ऑर्केस्ट्रा कुठून आणणार? कीबोर्डवरची व्हायोलिनं लावून पाहिली, एकावर एक वीस ट्रॅक चढवले. आवाज वाढला, पण गाणं मोठं होईना.

तुम्ही ते देवळाच्या पायरीवर बसून पूर्ण ऐकलंत आणि एवढंच म्हणालात, "सगळ्यांनी एकदम कित्याक गावचा?" म्हणजे, सगळ्यांनी एकदम कशाला गायचं? मग पेटी ओढून सुरुवातीच्या रूपावलीपासून शेवटच्या गजरापर्यंत भजन कसं चढत जातं ते गाऊन दाखवलंत. त्या रात्री मी वीसातले तेरा ट्रॅक काढून टाकले. पहिली तीन मिनिटं आता एक गिटार आणि तुमची पेटी, बस्स.

ती पेटी गिटारपेक्षा किंचित चढी निघाली. पेटीचे सूर घासल्याशिवाय बदलत नाहीत, म्हणून आम्हीच गिटारी तुमच्या पेटीच्या काळी चार पट्टीला लावून घेतल्या. पखवाजवाल्या काकांनी धुम्यावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, कणकेचा थर थोडा वाढवला आणि जो खर्ज मी महिनाभर सिंथेसायझरमध्ये शोधत होतो, तो सभामंडपाच्या दगडी खांबांतून घुमत आला. अंगावर काटा आला, खरंच.

आणि तुमचं मंडळ! भातलावणीचे दिवस, सगळे दिवसभर चिखलात राबलेले. तरी रात्री दहानंतर चौदा जण आले. एक माइक जवळ, दुसरा पार मंडपाच्या टोकाला. दर वेळी जागा बदलून तीच ओळ चार वेळा गायले, म्हणजे शेवटच्या गजरात छप्पन्न आवाज आहेत. मध्येच लाईट गेली, तेव्हा तुम्ही कुणाला उठू दिलं नाहीत. अंधारात अभंग गात बसवलंत, लाईट आली तेव्हा गळे आणखी तापलेले होते. वापरलाय तो त्यानंतरचाच टेक.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत. काकूंनी वर फणसाचे गरे बांधून दिले. याची परतफेड मला जमणार नाही.

रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतोय. सुरुवातीला तुमच्या पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू येतो. साउंड इंजिनिअर तो काढ म्हणत होता. मी ठेवलाय.