अंगाला न लागलेला पालक

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, सकाळी

प्रिय सुमे,

चार महिने झाले, पत्र नाही. फोनवरही नुसतं "मग बोलू, मग बोलू". रागावली असशील तर रागाव, हक्कच आहे तुझा. पण आज जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. आमच्याकडे हे म्हणतात, "अगं, सरडा तो, किती जीवाला लावून घेशील?" तू असं म्हणणार नाहीस. आंब्याखालचं खारीचं पिल्लू तूही पाहिलंयस.

आमच्या तब्येती ठीक. यांची शुगर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच.

चिन्मय ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला. हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत, त्यामुळे त्याचा बिअर्डेड ड्रॅगन माझ्याकडे आला. मूळ ऑस्ट्रेलियातल्या रखरखीत मुलखातला सरडा, चांगला दीड फूट लांब. चिडला की गळ्याखालची कातडी फुगवून काळी करतो, म्हणून मी त्याला दाढोबा म्हणते. तुझे अण्णा दाढी करताना आरशात गाल फुगवायचे ना, हुबेहूब तसा दिसतो! (अण्णांना सांगू नकोस.)

या जातीला लहानपणी किडे जास्त लागतात, मोठं झाल्यावर पाला जास्त आणि किडे थोडे. चिन्मय जाताना म्हणाला, "आई, रोज हिरवा पाला घाल." आता हिरवा पाला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय येणार? पालक. "पालक खा, हाडं घट्ट होतात" हे ऐकतच आपण दोघी वाढलो. दर शनिवारी ओक ट्री रोडवर भाजीला जायचं, पालकाच्या दोन जुड्या घ्यायच्या, मिळाला तर माठ. निवडून, धुऊन, बारीक चिरून रोज त्याच्यापुढे. तोही चाटूनपुसून खायचा. मला बाई धन्य वाटायचं.

जानेवारीत एका सकाळी पाहिलं तर त्याच्या मागच्या पायाची बोटं थरथरत होती. अगदी बारीक. सायलेंटवरचा फोन टेबलावर थरथरतो ना, तेवढीच. डॉक्टरीणबाईंनी त्याचा खालचा जबडा बोटाने हलकेच दाबून पाहिला, तर तो रबरासारखा दबला. सुमे, हाड होतं गं ते.

पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातलं ऑक्सॅलेट ते धरून बसतं, अंगाला लागूच देत नाही. माठ, चुका, अळू, बीटचा पाला, सगळे त्याच वळणाचे. कधीमधी दोन पानं चालतात, रोजचं ताट नाही चालत. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. त्यात त्याची यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची, नळी वर्षाहून जुनी. उजेड पडत होता, पण कामाचे किरण कधीच ओसरले होते, आणि त्यांच्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. मी आपली त्याला रोज खिडकीशी उन्हात बसवायची. ते किरण काचेतून येतच नाहीत म्हणे!

तेव्हापासून मी भाजी वेगळ्याच नजरेने बघते. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट तरी हवं. कॉलर्ड म्हणून इथे कोबीच्या कुळातली एक पालेभाजी मिळते, तिच्या 100 ग्रॅम पानांत 232 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि फॉस्फरस फक्त 25. सलगमचा पाला 190 ला 42, मोहरीचा 115 ला 58. हे तीन आलटूनपालटून, वर बटरनट भोपळ्याचा कीस, फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड चिमूटभर. डँडेलियन, ते पिवळ्या फुलांचं रानटी रोप, तर फारच चांगलं, पण अंगणातलं नाही, तिथे तणनाशक मारतात. ते विकत आणते. कोबी रोज नको. अवोकाडो म्हणजे विष. आणि जूनमध्ये आमच्या अंगणात काजवे येतात, चिन्मय लहानपणी ओंजळीत धरायचा ते. त्यातला एक जरी याने गिळला तरी जीव जातो. तेव्हा जूनमध्ये खिडक्या बंद.

रात्री दीडला सिरिंजने त्याच्या तोंडात औषध घालताना मला ती वाटी आठवली. गाईच्या दुधाची. तू म्हणत होतीस, "नको पाजूस, ते आपल्यासारखं नाही." मी पाजलं. मग दहा दिवस तू बोलली नाहीस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की पिल्लू आधीच आजारी होतं. नव्हतं गं. चांगलं टुणटुणीत होतं. तुझं बरोबर होतं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

चिन्मयला अजून सगळं सांगितलेलं नाही. परीक्षा चालू आहे त्याची. पुढच्या महिन्यात येईल तेव्हा समोर बसवून सांगेन. तू असतीस तर आधी तुझ्यापुढे म्हणून पाहिलं असतं.

थरथर थांबलीय. जबडा अजून पुरता घट्ट नाही, आणखी काही आठवडे औषध आहे.

मुक्ताचं बारसं छान झालं ना? फोटोत पैठणी ओळखली मी, तीच ना आपण घेतलेली? घराच्या कागदांचं काय झालं ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

सात वाजले. त्याचा दिवा लागलाय, दगडावर चढून माझ्याकडेच बघतोय. कॉलर्ड चिरायला उठते.

तुझी,
वैजू